‘यांना टेन्शन देऊ नका’

माझा जबडा दुखायला लागला तेव्हा मी ऑफिसात भांडून नवीन हेडसेट मागवून घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी शहाणी समजणार नाही. डावा जबडा, मग डावा खांदा, मग पाठीत खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध. मला वाटलं, दिवसभर कानाला ते लोढणं लावून बसते, दुखणारच. हेडसेट नवा आला. दुखणं जुनंच राहिलं.

मी तुर्भ्याला लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तक्रारीच्या फोनवर बसायचे. खारघर असो की ऐरोली, आमची लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस भिंतीवरचं घंटेचं बटण दाबतो आणि तो फोन थेट आमच्या टेबलावर वाजतो. वीसेक वर्षं तो माझ्या कानात वाजला. आमच्या कामाची एक रीत आहे. माणूस बाहेर पडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. त्याचं नाव विचारायचं आणि नाव घेऊन बोलायचं. किती वेळ लागेल ते मात्र कधीही सांगायचं नाही. ‘सगळं ठीक आहे, मेकॅनिक निघालाय, तुम्ही शांत उभे राहा.’ मेकॅनिक तेव्हा कळंबोलीच्या सिग्नलला असेल, नाहीतर आधीच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर असेल. तरी तो ‘निघालाय’च.

लोक रडतात, शिव्या देतात, कुणी मला तुरुंगात टाकायची धमकी देतं. मी मात्र लोण्यासारखी बोलते. ऑफिसात माझ्या आवाजाचं कौतुक होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. शिफ्ट बदलली की झोप बदलायची, जेवण वेळेवर नाही, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची. नवरा म्हणायचा, किती टेन्शन घेतेस. मी म्हणायचे, मी घेत नाही, मला पोस्टाने येतं. आमच्याकडे हा शब्द इतका स्वस्त झालाय, की त्याने कुणाला काही होऊ शकतं हे खरंच वाटत नाही.

लिफ्टमधले आजोबा

त्या दिवशी सानपाड्याचे एक आजोबा अडकले होते. एकटेच, हातात भाजीची पिशवी, आणि प्रचंड चिडलेले. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले. त्यांची मेथी सुकणार होती, त्यांची बायको काळजी करणार होती, त्यांनी सोसायटीला आधीच लिहून दिलं होतं. ऐकता ऐकता माझ्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवला. दुखलं असं नाही म्हणता येणार. दाबलं. ब्लाउजच्या आत घामाची धार लागली, एसी चालू असताना.

मी बोलत राहिले. ‘सगळं ठीक आहे आजोबा.’

पलीकडून आजोबा मेथीचं सोडून म्हणाले, “मॅडम, तुम्हीच घाबरल्यासारख्या वाटताय. काय झालं?”

इतक्या वर्षांत लिफ्टमधल्या माणसाने मला असं विचारलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर नसरीन बसते. ती श्रीवर्धनकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हेडसेट डोक्यावरून ओढून काढला.

“ताई, तोंड बघ आरशात. पांढरंफटक पडलंय.”

“आजोबा बाहेर येऊ देत.”

“आजोबांना मी बघते. तू ऊठ. रिक्षा बोलावते. आमी काय मेलो काय इथे?”

लिफ्टचा फोन तिने स्वतःच्या मोबाइलवर वळवून घेतला. रिक्षात ती एका हाताने माझा हात धरून बसली आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर आजोबांशी बोलत होती. आजोबा सुटले तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. ते कळलं आणि मला इतकं बरं वाटलं की त्याची आता लाज वाटते.

ईसीजीचा कागद बघून तिथली लहानशी डॉक्टर मुलगी एकदम धावायला लागली. ती धावली म्हणून मला कळलं. तोवर मी पित्ताच्या गोळीची वाट बघत होते.

हॉस्पिटलात

एक नळी जवळजवळ बंद होती. तिथे स्टेंट बसवला. हृदयाचं पंपिंग थोडं कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. यापलीकडचं मला नीट सांगता येणार नाही आणि ज्यांना हवंय त्यांनी ते डॉक्टरांनाच विचारावं.

आयसीयूत सगळ्यात वाईट काय असेल तर ते यंत्रांचे आवाज. कुठलंही वाजलं की माझ्या तोंडून ‘नमस्कार, बोला’ निघायचं बाकी असायचं. भीती छातीत नसते, पोटात असते, हे मला तिथे कळलं. डोळे मिटले की वाटायचं, आता उघडणार नाहीत. मी श्वेताचा, माझ्या लेकीचा, इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर कधी आहे ते आठवत राहायचे, कारण तोपर्यंत तरी मरायला नको होतं. तिथल्या एका मावशींनी मला न विचारता माझे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. माझी आई गेल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती. मी तोंड फिरवून खूप रडले आणि मावशी म्हणाल्या, रडा, मॉनिटरला काय कळतंय.

मी डॉक्टरांना विचारलं, “मला साखर नाही, तंबाखू नाही. मग मलाच का?”

ते स्टुलावर बसले. घाईत नव्हते, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “बीपी होतं, आणि गोळ्या चुकत होत्या. सगळं टेन्शनवर ढकलता येणार नाही. पण ते एकटं येत नाही. झोप जाते, खाण्याचं तंत्र जातं, बीपी वर राहतं, शरीर कायम पळायच्या तयारीत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं की नळ्यांवर परिणाम होतो. तुमचं काम काय?”

मी सांगितलं. ते हसले. “म्हणजे रोज कुणीतरी घाबरतो आणि शांत राहायचं काम तुमचं.”

“शांत असतेच मी.”

“आवाज असतो,” ते म्हणाले.

घरी सोडताना त्यांनी माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, बाजूला घेऊन पथ्यपाणी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “यांना टेन्शन देऊ नका.” मिलिंद कळंबोलीच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. सूचना अक्षरशः पाळायची त्याला सवय आहे.

आमच्या घरातली शांतता

कामोठ्याचं आमचं घर दोन खोल्यांचं. तिथे एखादी गोष्ट लपवायची तर भिंतीतच लपवावी लागेल. तरी त्यांनी लपवल्या. टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या. माझा फोन ‘आरामासाठी’ श्वेताच्या कपाटात गेला. गॅस संपला तरी मला कळू दिलं नाही, आणि दोन दिवस शेजारून आलेला वरणभात ‘आज कंटाळा आला म्हणून’ होता. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं आणि दोघेही माझ्याकडे बघून हसायचे. नवरा इतका गोड कधीच नव्हता. मला लग्नाच्या पहिल्या महिन्याची आठवण झाली आणि लगेच शंका आली.

भेटायला येणाऱ्यांना दारातच बजावलं जायचं. तरी समोरच्या काकू येऊन त्यांच्या दिराची गोष्ट सांगून गेल्याच. स्टेंट टाकला होता, अगदी छान होता, अंघोळीला गेला आणि संपला. मिलिंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा खरं हसले, कारण काकू तरी माझ्याशी माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

माझे वडील, आप्पा, जिंतूरजवळच्या आमच्या गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहायचे. सिद्धार्थ त्याचं नाव, मी सिद्धू म्हणते. आप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आई गेल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. ‘काय करायलीस माय? जेवलीस का?’ सकाळी आठला काय जेवणार, पण ते तेच विचारायचे. बोलणं फार नसायचं. शेजारचं कोण गेलं, पाऊस किती झाला, संपलं.

घरी आल्यावरचा पहिला रविवार फोनशिवाय गेला. श्वेता म्हणाली, आप्पांचा फोन बिघडलाय. दुसऱ्या रविवारी मी म्हणाले, मग सिद्धूचा लाव. तिने बाहेर जाऊन बराच वेळ लावला आणि मग मला दिला.

“सगळं ठीक आहे अक्का,” सिद्धू म्हणाला.

“आप्पा कुठे आहेत?”

“अक्का, तू आराम कर बरं. काही काळजी करू नकोस.”

“सिद्धू, आप्पांना फोन दे.”

“देतो की. अक्का, सगळं ठीक आहे. तू शांत राहा.”

मी फोन खाली ठेवला. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. सारखं नाव घ्यायचं. वेळ सांगायची नाही. सगळं ठीक आहे, शांत राहा. हे मी नव्या मुलींना शिकवलेलं आहे. असं आपण कुणाशी बोलतो ते मला पक्कं ठाऊक होतं. जो आत अडकलाय आणि ज्याच्यासाठी अजून कुणीही निघालेलं नाही, त्याच्याशी.

न कळण्याचे दिवस

आप्पा गेले, असं मी धरून चालले. कधी गेले असतील, कुणी अग्नी दिला असेल, पुण्यानुमोदनाला कोण कोण आलं असेल, सगळं डोळ्यांसमोर यायचं. मग वाटायचं, नाही, गेले नसतील, पडले असतील. मग पुन्हा गेलेले दिसायचे. भाजी निवडताना, गोळी घेताना, जिन्यात दोन पायऱ्या चढायच्या व्यायामाला निघाले की. छातीत धडधड व्हायची, मी मनगट धरून ठोके बघायचे आणि ठोके बघितले की ते आणखी वाढायचे. जिभेखालची गोळी कायम मुठीत. माझी इतकी वाईट अवस्था आयसीयूतही झाली नव्हती. आणि घरात सगळे खूश, की हिला काही टेन्शन नाही.

मी विचारत का नव्हते? मी दिवसातून दहादा तोंड उघडायचे आणि मिटायचे. विचारलं आणि मिलिंदने खरं सांगितलं तर? ही माझी भीती होती. उगाच इतरांना दोष देत नाही.

शेवटी एका संध्याकाळी मिलिंद चहा गाळत होता. पाठमोरा होता म्हणून मला धीर आला.

“आप्पा आहेत का?”

त्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. “आहेत.”

मी खाली बसले. ओट्याला टेकून, जमिनीवरच. तो धावत आला, गोळी शोधायला लागला. मी म्हणाले, “गोळी राहू दे. सांग.”

लकवा झाला होता. मी हॉस्पिटलात असतानाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज मात्र पूर्ण होती. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि आता नळीने पेज देत होते. फार दिवस काढतील असं तिथल्या डॉक्टरांना वाटत नव्हतं. मिलिंद हे सगळं सांगताना लहान मुलासारखा रडला. महिनाभर तो हे वाहत होता, रोज बाहेर जाऊन सिद्धूशी बोलत होता आणि आत येऊन माझ्याकडे बघून हसत होता. मला त्याची कीव आली, आणि त्याच वेळी त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. दोन्ही खरं.

“आणि माझं? आप्पांना माझं काय सांगितलंय?”

तो उठून चहाचं भांडं विसळायला लागला.

“मिलिंद.”

“तुला सुट्टी मिळत नाहीये, असं सांगितलंय. त्यांना धक्का नको म्हणून.”

मला दहावीच्या वर्षी टायफॉइड झाला होता, तेव्हा आप्पांनी डेपोत साहेबाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या होत्या. पोरगी बरी झाली की येतो, नोकरी राहिली तर राहिली, म्हणाले होते. तो माणूस आता खाटेवर पडून, बोलता न येता, दाराकडे बघत होता. आणि त्याला सांगितलं होतं, की लेकीला सुट्टी मिळत नाही.

परवानगी

मी डॉक्टरांकडे गेले आणि भांडायच्याच तयारीने गेले. ते म्हणाले, “मी टेन्शन देऊ नका म्हटलं होतं. वडिलांचं लपवा असं नव्हतं म्हटलं.” मिलिंद मान खाली घालून बसला होता. त्याच्या बाजूने मीच बोलले, की साहेब, दोन्हीत फरक कुठे करायचा ते आमच्या घरात कुणाला कळत नाही. त्यांनी माझी फाइल उघडून पाहिली. मग म्हणाले, “भेटावंसं वाटणारच. पण इतका लांबचा प्रवास आत्ता नाही. पंपिंग अजून सुधारलेलं नाही. फोनवर बोला. मिलिंदराव, तुम्ही शेजारी बसा.”

खरी अडचण सिद्धू होता.

“आप्पांना सांगायचं नाही, अक्का. पाया पडतो. त्यांना सोसणार नाही.”

“मला सोसलं की.”

“तू बावन्न वर्षांची हायेस. ते ऐंशीच्या पुढं गेलेत. ऐकलं आन् काही झालं तर मी कुठं जाऊ? नुसतं दर्शन घे. सुट्टी नाही म्हण. मी चांगलं सांगितलेलं हाय त्यांना.”

“ते काय करतात, सुट्टी नाही म्हटल्यावर?”

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, “भिंतीकडं तोंड करतात.”

मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायचा जोर नव्हता आणि तोही माझ्यासारखाच घाबरलेला होता. त्याच्या हातात फोन होता, म्हणजे आप्पा त्याच्या हातात होते. मी एवढंच म्हणाले, “सिद्धू, ते माझे पण बाप आहेत.” त्याने व्हिडिओ चालू केला आणि फोन आप्पांच्या तोंडासमोर धरला.

मी ओळखलं नाही. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी. डोळे मात्र आप्पांचे. त्यांनी मला पाहिलं आणि खरंच तोंड फिरवलं. हळूहळू, जेवढी मान वळत होती तेवढी.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? ‘सगळं ठीक आहे आप्पा.’ ते वाक्य जिभेवर आलंच होतं. शेजारी मिलिंदने माझं मनगट धरलं होतं. कदाचित तो ठोकेच मोजत असेल.

“आप्पा, मला सुट्टी मिळत होती,” मी म्हणाले. “मला हार्ट अटॅक आला होता. मी दवाखान्यात होते. तुम्ही पडलात तेव्हा मी पण पडले होते. मला कुणी सांगितलं नाही आन् तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी यायलेच होते आप्पा, पण मला अजून गाडीत बसू देत नाहीत.”

मागून सिद्धूचा ‘अक्का, अक्का’ असा आवाज आला. फोन हलला, छत दिसलं, पंखा दिसला. मला वाटलं, झालं, संपलं. मग पुन्हा आप्पा दिसले. त्यांची मान इकडे वळलेली होती. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं. त्यांनी डावा हात उचलला, फोनपर्यंत आणला आणि पडद्यावर, जिथे माझी छाती असेल तिथे, बोटं ठेवली. तळव्याने फोनचा कॅमेरा झाकला गेला आणि माझा पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यातून त्यांचा आवाज यायला लागला. शब्द नव्हते, नुसतं ‘अं, अं’. आजारी लेकराला थोपटताना करतात तसं.

मी इतकी रडले की मिलिंद घाबरला. छातीत काही झालं नाही. गोळी लागली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा मी त्या दिवशी दुपारी गाढ झोपले.

नंतर

त्यानंतर रोज सकाळी सिद्धू फोन लावून द्यायचा. मी बोलायचे, आप्पा ऐकायचे. मी त्यांना माझ्या गोळ्यांची नावं सांगायचे. मेकॅनिक माणूस, नळी कुठे तुंबली आणि आत काय बसवलं ते त्यांना नीट कळत असणार. पुढच्याच आठवड्यात, पेज देताना, आप्पा गेले.

मी मातीला नव्हते. फोनवर पाहिलं. पुढे डॉक्टरांनी प्रवासाला सोडल्यावर गावी गेले. पुण्यानुमोदन होऊन गेलं होतं. घरात पाहुणे नव्हते, सिद्धू आणि मी अंगणात बसलो होतो. माझ्या जेवणात मीठ कमी घातलं होतं त्याने, आठवणीने. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सांगितलं नसतंस तर अजून थोडे दिवस राहिले असते अक्का.”

राहिलेही असते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. काही दिवशी तो प्रश्न मला छातीत गोळ्यासारखा वाटतो, आणि ते दुखणं कुठल्या तपासणीत दिसत नाही. मी आता फोनवर बसत नाही, बीपीची गोळी चुकवत नाही, रोज खाडीकडच्या रस्त्याला चालायला जाते. तरी काळजी पाठ सोडत नाही, आणि सोडेल असं मी कुणालाही खोटं सांगणार नाही. ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांना एवढंच सांगते, की तुमचा माणूस घाबरलेला असतो, अडाणी नसतो.

त्या संध्याकाळी सिद्धूला मी म्हणाले, “राहिले असते रे. पण भिंतीकडे तोंड करून.”

तो उठून आत गेला. आतून त्याचा रडण्याचा आवाज आला. बाप गेल्यापासून तो रडला नव्हता, असं त्याची बायको नंतर म्हणाली.